सावंतकाका मृत: बरोबर की चूक?

सगळ्यात आधी खटकलं ते एवढंच, की कॉम्प्युटरने आम्हाला ‘धन्यवाद’ म्हणणं बंद केलं.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही चौघं जमतो. कोकणातल्या गावांच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या जुन्या नोंदींचे फोटो बघायचे आणि नावं टाइप करून त्यांचं इंडेक्सिंग करायचं, म्हणजे कोणालाही घरबसल्या आपला पणजोबा सापडावा. सगळं फुकट. पान संपलं की स्क्रीनवर जास्वंद उमलायची आणि ‘धन्यवाद’ यायचं, तीच कमाई. आता नोंदी मशीनच वाचतं. आम्ही फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. जास्वंद गेली, पण किस्से इतके साठलेत की त्यांचंच इंडेक्सिंग करावं लागेल!

पहिल्याच आठवड्यात मशीनने लाल इशारा दिला. एका गावात मुली लग्नाच्या दिवशी गायब होतायत, आणि सासरी त्याच दिवशी अनोळखी बायका प्रकट होतायत! मी दचकून उभीच राहिले.

“पोलिसांत जायचं का यार?” आमच्यातला रोहित म्हणाला.

बँकेतून रिटायर झालेल्या मंगलाताईंनी शांतपणे चष्मा पुसला. “अरे, लग्नात नाव बदललं त्यांचं. मीपण अशीच गायब झाले. सुमन गेली, मंगला आली. सुमनला अजून कोणी शोधायला आलेलं नाही!”

मग एका घरात वीस मुलं निघाली. दोनाच्या आकड्यापुढे कोणीतरी कधीतरी चहाचा कप ठेवला होता, त्याचा गोल डाग. मशीनला तो शून्य वाटला.

“वीस? झोपायचे कुठे?” मी विचारलं.

“गिरणगावातल्या आमच्या खोलीत खरंच वीस जण झोपायचो,” सावंतकाका म्हणाले. “चहाच्या डागाची गरजच नव्हती.”

सावंतकाका म्हणजे आमचे म्होरके. घाटकोपरला एकटेच राहतात. त्यांचा नियम एकच: शंका आली की जिवंत नातेवाइकाला फोन करायचा. मला अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की घाम फुटतो.

“अनू, फोन चावत नाही गं!”

म्हणून बोरिवलीच्या एका काकूंना लावला. “नमस्कार, तुमच्या पणजोबांबद्दल...”

“नकोयत मला! आहेत आमच्याकडे!” खाड्कन फोन बंद.

मागच्या रविवारी मात्र वाट लागली. माझ्या स्क्रीनवर आलं: ‘बाबाजी गोविंद सावंत. मृत. बरोबर की चूक?’ आणि बाबाजी गोविंद सावंत माझ्या शेजारी बसून बटाटावडा खात होते!

त्यांच्या घरात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. बाबाजीचा गोविंद, गोविंदाचा बाबाजी, असं पिढ्यान्‌पिढ्या. आजोबा आणि काका, दोघांचंही पूर्ण नाव एकच. मशीनने दोघांना एकच माणूस केलं.

“म्हणजे काका, तुम्ही स्वतःचेच नातू!” रोहित खिदळला.

“बरं झालं. घरात तेवढंच एक माणूस ऐकणारं.”

मी ‘चूक’ दाबलं. स्क्रीन म्हणाली, ‘हरकत असल्यास संबंधित व्यक्तीशी संपर्क साधा.’ काकांनी वडा खाली ठेवला, स्क्रीनला हात जोडले आणि मालवणीत म्हणाले, “साधलास मगे संपर्क?” आम्ही हसून लोटपोट.

या रविवारी काका आले नाहीत.

एरवी आमच्याआधी हॉलचं कुलूप तेच उघडतात. रोहित म्हणाला, “झोपले असतील गं.” मंगलाताईंनी सोसायटीच्या ऑफिसातून दुसरी किल्ली आणली. ‘मृत’ तसंच होतं स्क्रीनवर. मशीनला आधीच कळलं असेल तर? असं काही नसतं, माहितेय मला. तरी फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. परत तेच. रोहितचंही हसू गेलं. तो चप्पल घालायला लागला, “चल, घाटकोपर.”

जिन्यात शेवटचा एकदा लावला. वाजतोय, वाजतोय... आणि उचलला!

“काका?” मी जवळजवळ किंचाळलेच. “बाबाजी गोविंद सावंत आहेत का?”

पलीकडून आधी खोकला. मग आवाज:

“तुका खयचो होयो? आजो काय नातू?”