माशांच्या पुड्या

एखाद्या धंद्यात चार वर्षं काढली की किस्से शोधायला जावं लागत नाही. खाद्याच्या भुशासारखे ते कपड्यांना चिकटतात आणि घरी येऊन झटकलं की दोन-चार पडतातच. हल्ली मी जेवायला बसलो की बायकोच विचारते, "आज कुणाचे मासे काय म्हणाले?"

मी पलूसजवळच्या एका छोट्या कारखान्यात आहे. माशांचं खाद्य बनवतो आम्ही. सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा; मिसळा, गोळ्या पाडा, पोती शिवा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. या अण्णांच्या मागे मी वर्षभर एकच टुमणं लावलं होतं : खाद्यात लायसिन आणि मिथिओनिन घाला! ही अमिनो आम्लं. पेंडीत प्रथिनं भरपूर, पण ही दोन कमी पडतात. विटा ढीगभर आणि सिमेंट चिमूटभर, अशातली गत. मग मासा खातो खूप आणि भरतो कमी.

शेवटी अण्णा वैतागले. "आपलं खाद्य घेनाऱ्या सुलाकाकूंची शेजारी-शेजारी दोन तळी हायत. एकात तुजी पावडर घाल, एकात घालू नगं. तीन म्हैन्यांनी मासं तोलू. फरक दिसला तर पावडर चालू. न्हाई दिसला तर पावडर बंद, आनि मग तुजं तरी हितं काय काम?"

झालं! त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसलो की डोळ्यासमोर दोन तळी यायची. म्हणून मी बसायचंच बंद केलं. काकूंकडे पावडरच्या पुड्या पोचवायच्या आणि उरलेल्या बॅगेत टाकून मोटरसायकलला किक मारायची. 'वापरून बघतो' असं जो म्हणेल त्याचं तळं माझं!

*

फलटणच्या अलीकडे निवडणुकीचा नाका लागला होता. हवालदारानं हात केला.

"बॅगंत काय हाय?"

"माशांचं औषध. म्हणजे औषध नव्हे, वाढीचं."

त्यानं चेन उघडली. आत पन्नासेक पुड्या, सगळ्यांत पांढरी पावडर! त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माशांचं? मी खुळा दिसतोय व्हय तुला?"

त्यानं एक पुडी फोडली आणि सरळ नाकाला लावली. मिथिओनिनला कुजक्या अंड्यासारखा वास असतो. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं! पुडी हातभर लांब धरून त्यानं विचारलं, "ह्ये मासं खात्यात?"

"आवडीनं!"

"बॅग लाव आदी. आनि जा. लय लांब जा!"

*

रहिमतपूरला एक सुभेदार आहेत. फौजेतून रिटायर होऊन त्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडलेत. शिट्टी मारली की मासे काठाशी हजर. मी त्यांना वही दिली : रोज खाद्य किती, पुडी घातली का, मेले किती, एवढं लिहा.

आठवड्यानं गेलो. सातही दिवसांपुढे एकच शेरा : "ऑल करेक्ट."

"सुभेदारसाहेब, आकडे लिहायचे हो!"

पुढच्या खेपेला लिहिलं होतं : "खाद्य : सर्वांनी घेतले. पुडी : सर्वांनी घेतली. गैरहजर : दोन."

"गैरहजर म्हणजे मेले का?"

सुभेदार ताठ झाले. "बगळा घेऊन गेला. बॉडी मिळाल्याबिगर मेलं म्हनून लिवायचं न्हाई. मिसिंग!"

*

पलूसजवळच्याच एका वाडीत तात्या म्हणून शेतकरी आहेत. त्यांच्याकडच्या पुड्या भराभर संपत होत्या आणि मासे होते तेवढेच. इथंही फरक नाही, तर काकूंच्या तळ्यात काय दिसणार?

एवढ्यात आतून त्यांचा भाचा आला. तालमीतला पैलवान, दारातून तिरका होऊन बाहेर पडणारा.

"सायेब, पुडीवर 'वाढीसाठी' लिवलंय. माजं वजन एकशेधा किलो. डोस कसा धरायचा?"

हा गडी दोन आठवडे दुधातून माझ्या पुड्या पीत होता! मी ओरडलोच, "आजपासून बंद! माणसांनी घ्यायची वस्तू नाही ती." नशीब, त्याला काही झालं नव्हतं. काळजी तात्यांनाच होती.

"एकदम बंद नगा करू, सायेब. रैवारी कुस्त्यांचा फड हाय."

"फडाचा काय संबंध, तात्या?"

"आवं, पुडी सुरू केल्यापासनं कुनाच्या हाताला घावंना झालाय. धरला की निसटतोय!"

*

माणच्या बाजूला एक आबा आहेत. जन्म मेंढरांमागे गेला, आता मुलांनी शेततळं केलंय आणि त्यात चिलापी मासा. मी दहा मासे बादलीत घेतले, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले, भागाकार केला आणि उड्याच मारायला लागलो. "आबा, सरासरी तीनशे ग्रॅम!"

आबांनी एक मासा उचलला. मेंढराची पाठ चाचपतात तसा त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "दोनशे भरंल."

"आबा, हा काटा खोटं बोलत नाही."

"असंल. मासा दोनशेच हाय."

मी हट्टाला पेटलो. बादली पुन्हा ठेवली, पुन्हा तीनशे! आबांनी शांतपणे तंबाखू मळली.

"बादलीबी वाढाय लागली व्हय तुज्या पुडीनं?"

बादलीचं वजन मी वजाच केलं नव्हतं. चार वर्षांत ही चूक कधी झाली नव्हती. परतीच्या वाटेवर मला स्वतःचीच भीती वाटली.

*

तीन महिने भरले. अण्णा जातीनं काकूंच्या तळ्यावर आले. मी सकाळपासून तीनदा काटा तपासला होता, बादली तर पाच वेळा वजा केली होती.

डावं तळं, पुडीचं : तीनशे दहा ग्रॅम. उजवं तळं, बिनपुडीचं : तीनशे आठ.

पुन्हा जाळं टाकलं, पुन्हा तोललं. तेच!

"दोन गरामासाठी वरीसभर डोकं खाल्लंस?" अण्णा म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते हळूच बोलले.

मला राहवेना. "काकू, पुडी डाव्याच तळ्यात घालत होता ना?"

काकूंनी पदराला हात पुसले. "डाव्याला वाढायची आनि शेजारी बसल्याल्याला न्हाई? पयल्या दिशी तसं केलं, तर मला जेवान गेलं न्हाई. काठावं गेलं की दोनी तळ्यांतली तोंडं वर! आवं, पंगतीत असला दुजाभाव माज्या सासूनं कवा केला न्हाई, आनि मी करू? निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. चमच्यानं मापून घातली रोज!"

हसावं की रडावं कळेना. तीन महिने मातीत! तुलना करायला काही उरलंच नव्हतं. मी घसा खाकरला. "अण्णा, आता पहिल्यापासून परत..."

अण्णांचं लक्ष पाण्याकडे होतं. "मासं तर दोनीकडं झ्याक हायत."

"हो, पण..."

"आनि पुडी निम्मीच."

"हो अण्णा, पण त्यावरून आपल्याला असं..."

त्यांनी फोन काढून कारखान्यात लावला. "सोमवारपासनं समद्या पोत्यांत पावडर घालायची. व्हय, समद्या. पर डोस अर्धा!"

फोन खिशात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वरीसभर मला दुप्पट सांगत हुतास व्हय रं, गड्या?"