बाबालालमामांची फक्की

पेठेतल्या त्या हायस्कुलात हेडमास्तर पाच आले नि गेले, मैदानाचा शिपाई मात्र एकच, बाबालालमामा. फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये हवा भरायची, उसवलेलं कातडं शिवायचं, खो-खोचे खांब रोवायचे आणि मैदान आखायचं, ही त्यांची कामं. शाळेतली सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. पोरं म्हणायची म्हणून म्हणायची, पण मामा ते नातं खरं धरून चालायचे.

मामांचे वडील गवंडी. लहानपण चुना मळायच्या घाणीवर गेलेलं, त्यामुळे रेघा आखायची पांढरी पूड, म्हणजे बाजारची फक्की, त्यांना पटत नसे. कळीचा चुना आणून पिंपात पाणी घालून ते स्वतः विरवायचे. चुना रटरटा उकळायचा, वाफा निघायच्या. तो दोन दिवस मुरवून, वाळवून, धोतराच्या फडक्यातून चाळला की मग मामांची फक्की तयार. मामा दोरी न लावता सरळ रेघ ओढतात अशी त्यांची ख्याती होती. ती खोटी होती. उजाडायच्या आत येऊन ते गुपचूप दोरीनंच आखायचे, आणि पोरांना फसवल्याचं त्यांना फार कौतुक वाटायचं.

चौऱ्याहत्तर साली मुलींच्या खो-खोची फायनल या मैदानावर ठरली. जिंकणाऱ्याची ढाल दोन वर्षं दुसऱ्या शाळेत जाऊन बसलेली. त्या आठवड्यात शाळेत अभ्यास म्हणून झाला नाही. घोषणा ठरल्या, हलगीवाला ठरला, आठवीच्या पोरांनी घसे बसवून घेतले. सगळी भिस्त कालिंदीवर. कोर्टातले कारकून अंबादास यांची ही मुलगी, दहावीतली, अंगानं काटकुळी, पण खांबाजवळ असा सूर मारायची की बघणारा जागचा उठावा. तिच्या सोलवटलेल्या कोपरांना हळद लावायचं काम मामांचं.

सामन्याच्या पहाटे मामा येऊन बघतात तर आखलेल्या मैदानातून कुणाच्या तरी म्हशी रंकाळ्याच्या तळ्याकडे गेलेल्या. निम्म्या रेघा खुरांखाली गेल्या होत्या. तयार फक्की संपलेली. पाहुणे नऊला येणार, आणि हेडमास्तरांना रेघा पांढऱ्याशुभ्र पाहिजेत. मामांनी उरलेल्या चुन्याच्या कळ्यांवर पाणी शिंपडलं, फुटून भुकटी झाली तशी गरम असतानाच चाळली आणि आखून मोकळे झाले. चुना कच्चा राहिलाय हे त्यांना कळत होतं. जमिनीवर तर पडायचाय, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सामन्यात बाद करायचा एकच गडी उरला होता आणि शेवटचं मिनिट संपत आलं होतं. कालिंदीला खो मिळाला. समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटणार, तेवढ्यात कालिंदीनं सूर मारला. बोटं पाठीला लागली, शिट्टी झाली आणि मैदान फुटलं. हलगी कडाडली, टोप्या उडाल्या. कालिंदी खांबापाशी पालथी पडून तोंड झाकून रडत होती, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतेय. ती किंचाळली तेव्हा कुठे क्रीडाशिक्षिका सरोजिनीबाई तांब्या घेऊन धावल्या. तिचं तोंड चुन्यानं माखलं होतं.

मामांनी बाईंचा हात धरला.

"पाणी लावू नगासा बाई. चुना कच्चा हाय, डोळ्यात उकळंल."

बाई थांबल्या. चुन्यातलं मामांना कळणार नाही तर कुणाला? मामांनी कोरड्या फडक्यानं तोंड पुसलं, पापण्यांवर खोबरेल लावलं आणि तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. अर्धा तास गेला. डॉक्टर डोळे धूत राहिले, मग बाहेर आले. बाई अंबादासांना निरोप पाठवायला गेल्या होत्या, दाराशी मामा एकटेच. डॉक्टर चिडून बोलले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. पाणी का नाही मारलं, त्यांनी विचारलं. तिथल्या तिथं घागरभर ओतलं असतं तर डावा डोळा राहिला असता.

मामांनी हे कुणाला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढं नऊ वर्षं नाही.

चुना पाण्यात उकळतो, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. थोडं पाणी उकळवतं आणि पुष्कळ पाणी धुऊन नेतं, हे त्यांना कधी कळून घ्यावं लागलंच नव्हतं. घरी बायकोला, अमीरबीला, त्यांनी एवढंच सांगितलं, की पोरीचा डोळा गेला. महिन्याभरानं अंबादास घरी आले, नृसिंहवाडीचा प्रसाद घेऊन. तुम्ही पाणी लावू दिलं नाही म्हणून एक तरी राहिला, असं म्हणून रडले. मामांनी पेढा हातात घेतला. तो खाल्ला नाही आणि टाकवलाही नाही.

शाळांना अशा गोष्टी फार आवडतात. दर संमेलनात हेडमास्तर सांगायचे, कालिंदीनं शाळेसाठी डोळा दिला, आणि मामांच्या प्रसंगावधानानं दुसरा वाचला. पोरं टाळ्या पिटायची. कालिंदी काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत, मामा मागं खांबाला टेकून. पुढं ती शाळेच्याच ऑफिसात लागली. स्थळं यायची, चष्मा बघायची, चहा पिऊन जायची. मामांनी मैदान राखेनं आखायला सुरुवात केली. रेघ दिसत नाही म्हणून बोलणी खाल्ली, पण चुन्याला पुन्हा हात लावला नाही.

त्र्याऐंशीत मामा रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी कालिंदी बोलायला उठली. जग मला आज दिसतंय ते मामांमुळं, म्हणाली, आणि शाल तिनंच मामांना पांघरवली. समारंभ उरकल्यावर मामांनी तिला मैदानात बोलावलं आणि सगळं सांगितलं. म्हशी, कच्चा चुना, बाईंच्या हातातला तांब्या, डॉक्टर. काही राखलं नाही.

कालिंदीनं काळा चष्मा काढला.

"मग उजवा कशानं राहिला?"

"तुझ्या नशिबानं. माझ्यानं न्हाय."

"हे तवाच सांगायचं हुतं मामा," ती म्हणाली, "न्हायतर मरूस्तोवर सांगायचं न्हवतं. कुणीतरी मला वाचवलंय, एवढ्यावर मी दिवस काढत हुते की."

ती ऑफिसकडं निघून गेली. सांगितलं की सुटू, असं मामांना नऊ वर्षं वाटत आलं होतं. ते सुटले नाहीत, आणि पोरीजवळ जे होतं तेही गेलं.

पुढच्या संमेलनात हेडमास्तरांनी ढालीची गोष्ट सुरू केली तेव्हा कालिंदी पहिल्या रांगेतून उठून बाहेर गेली. का, ते कुणालाच कळलं नाही. टाळ्या नेहमीसारख्या झाल्या.