पाण्याकाठचा झेल

ताईचा फोन आला तेव्हा मी अलिबागला कचेरीत होतो. "हे गेले रे," एवढंच ती म्हणाली. नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. बोटी समुद्रात गेल्या होत्या आणि त्या गेल्याची खात्री करूनच जणू दामूभाओजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांनी, दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटले होते. अशा वेळी धक्का बसला, काही सुचेना, असं लिहायची पद्धत आहे. मला तसं लिहिता येणार नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं... सुटलो. आता ते कुणाला कळणार नाही. दुःख झालं, पण ते मागाहून, एसटीत बसल्यावर.

दामूभाओजी नाखवा होते. चौलच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. तिथे त्यांची बोट, तिथेच घर. पण सगळा किनारा त्यांना ओळखायचा तो 'दामू अंपायर' म्हणून. त्यांच्यासारखा अंपायर आमच्या किनाऱ्याने पाहिलेला नाही, हे मी ठासून सांगतो. आणि हे सांगायचा अधिकार माझ्याइतका कमी कुणाला नाही, हेही सांगतो.

चार वर्षांनी विश्वचषक आला की आमच्याकडेही विश्वचषक भरायचा. आठ पाडे, आठ देश. कुठल्या पाड्याने कुठला देश व्हायचं याच्या चिठ्ठ्या देवळात उचलायच्या. भारत निघाला की त्या पाड्यात फटाके, इंग्लंड निघालं की पोरं दोन दिवस जेवायची नाहीत. मैदान म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट रेती. तीन बाजूंना चुन्याची रेघ आणि चौथ्या बाजूला समुद्र. समुद्राच्या बाजूची सीमा म्हणजे पाणी, आणि पाणी काही एका जागी थांबत नाही. लाट आली की सीमा चार पावलं आत, गेली की चार पावलं बाहेर. तिथे झेल घेणाऱ्याचा पाय पाण्याला लागला असेल तर सिक्सर, नसेल तर आउट. पण पाय तर सगळ्यांचेच ओले. ठरवायचं कसं? भाओजींनी त्यावर नियम काढला होता: पाण्याकाठी उभा असेल त्यालाच विचारायचं, आणि तो सांगेल ते शेवटचं. "समुद्रावर मानूस येकलाच असतो," ते म्हणायचे. "तिथं त्याचा शबूद नाय मानायचा त कोनाचा मानायचा?" खिशात सहा शिंपल्या ठेवून ते चेंडू मोजायचे, आणि झेल उडाला की पाण्याकडे वळून एकच शब्द विचारायचे, "सांग." पोरांनी किती वेळा स्वतःच्या संघाविरुद्ध सांगितलेलं मी ऐकलंय. अंतिम सामन्यातसुद्धा. मी पस्तिशीचा होईपर्यंत त्या नियमाला कधी तडा गेला नव्हता.

भारताने मुंबईत विश्वचषक जिंकला त्या वर्षीची गोष्ट. मुंबईतल्या फायनलच्या आदल्या रविवारी आमची फायनल होती. आमचा पाडा न्यूझीलंड होता आणि समोर पलीकडचा पाडा भारत, त्यामुळे सगळा किनारा आमच्या विरुद्ध. त्यांना शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. त्यांच्या हरेशने चेंडू उंच उचलला तो थेट माझ्या डोक्यावर, समुद्राच्या अंगाला. मी मागे धावलो, मागे, अजून मागे... आणि चेंडू हातात बसला त्याच क्षणी माझ्या टाचेला गार लागलं. गुडघ्याला नव्हे, घोट्याला नव्हे, टाचेला. लाट होती आणि ती लगेच गेलीही. हरेश ओरडत होता, "पाय पान्यान व्हता! पान्यान व्हता!" भाओजी माझ्याकडे वळले. "सांग."

मी म्हटलं, "सुका."

का म्हटलं, याचं उत्तर मी चौदा वर्षं शोधलं. मोठं उत्तर सापडलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकत होतो, एवढंच.

भाओजींचं बोट वर गेलं. मग जे व्हायचं ते झालं. "मेव्हन्याला दिला! मेव्हन्याला दिला!" म्हणत लोक आत घुसले. हरेश त्यांच्या छातीला छाती लावून उभा राहिला, "तुमचा नियम तुमच्या घरान ठेवा, नाखवा." भाओजी शांत होते. म्हणाले, "मेव्हना हाय माजा. म्हनून त जास्त ठावं हाय मना, तो खोटा बोलायचा नाय." मी चेंडू हातात धरून दहा पावलांवर उभा होतो. मग त्यांनी खिशातल्या शिंपल्या रेतीवर सोडल्या आणि घरी चालू लागले. पुन्हा कधी अंपायरिंग केलं नाही. पुढच्या खेपेपासून सामने भरवणाऱ्या मंडळाने पाण्याच्या बऱ्याच अलीकडे बांबू रोवून दोरी बांधली. विचारायचा प्रश्नच उरला नाही. बोट बंदराला लागली की पलीकडच्या पाड्यातलं कुणीतरी हटकून ओरडायचं, "नाखवा, मासली सुकी हाय का वली? मेव्हन्याला इचारून सांगा!" ते हसून जाळी उतरवत राहायचे.

एक वेळ त्यांना संशय आला असता तर मला सोसलं असतं. पण त्यांना तो कधी आलाच नाही. पाहुणे आले की ते मला पुढे करायचे, "ह्यो आमचा सुधाकर. ह्यानं घेतलेली कॅच बगायला पायजे व्हती तुमी." माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना ती कॅच हातवारे करून दाखवली. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, आवाज पार बसला होता तरी म्हणाले, "तशी कॅच परत नाय बगितली रे सुधा." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्स आली आणि राहून गेलं, असं मला म्हणता येत नाही. कुणी आलं नाही. मी त्यांची चादर नीट केली आणि बाहेर पडलो.

बारावं होऊन महिना उलटल्यावर ताईला सांगितलं. ती मांदेली साफ करत बसली होती, तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाली, "मना कशाला सांगतंस? मी काय बॅटिंग करीत व्हते? हरेशला सांग. चौदा वर्सं तोंड फिरवून जातो तो आमच्या दारावरशी."

हरेश बंदरावर टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरवत होता. आता टक्कल पडलंय, पोट सुटलंय. "काय साहेब, आज बंदरावर? वाट चुकलाव?"

"हरेश, त्या कॅचला माजा पाय पान्यान व्हता."

तो खो खो हसला. "ही काय बातमी? मना तवाच दिसला व्हता. दामूनाखव्यालाबी दिसला आनि त्यानं तुज्यासाठी डोला झाकला."

"त्यांना नाय दिसला. त्यांनी इचारलं आनि मी सुका सांगितलं. त्यांनी त्यावर इश्वास ठेवला."

त्याचं हसू हळूहळू गेलं. हातातली लादी त्याने खाली ठेवली आणि तो टेम्पोच्या फळीवर बसला. "म्हंजी... म्हातारा खरा व्हता?" मी मान हलवली. तो बंदराकडे वळला. मग म्हणाला, "मयताला नाय गेलो रे मी. पलीकडच्या पाड्यान ऱ्हातो, भजनाचा आवाज घरान येत व्हता... नाय गेलो." त्याने मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी आनंदाने घेतली असती. एका माणसाचं नाव मी खराब केलं एवढाच माझा हिशोब होता. या दुसऱ्याचा शेवटचा नमस्कारही मीच बुडवला, हे मला त्या फळीपाशी कळलं.

दुपारी तो स्वतःहून म्हणाला, "चल." भाओजींच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची आहे. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. हरेश दारातच घुटमळला. ताईने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता उबा काय राह्यलास पावन्यासारका? बस तिथं," आणि तिने त्याच खुर्चीकडे बोट केलं. तो अवघडून, अगदी कडेवर बसला. तिने चहा टाकला. मग टीव्ही लावला. महिलांचा विश्वचषक सुरू होता, तोही आपल्याकडेच. बॅटवालीने चेंडू उचलला, क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलीने सीमारेषेवर झेप घेऊन तो धरला, आणि तिचा बूट दोरीला लागला की नाही हे कळेना. निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, मोठं करून, सावकाश करून तोच बूट दाखवू लागले. आम्ही तिघं कप हातात धरून बघत बसलो.

"असं जालं का हे चिडायचे," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "रोज एकच बोलनं. येवढे कॅमेरे कशाला, म्हनायचे, ती पोर उबी हाय ना तिथं... तिलाच इचारा."

हरेशने खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी नजर खाली घातली नाही.

"वला," मी म्हटलं. "वला व्हता पाय."