विहिरीतलं कासव मीच सोडलं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — आमच्या विहिरीतलं कासव मीच सोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन.

माझं माहेर सोनाळ्याचं. वडील नदीकाठी वांगी-मिरची लावायचे. पूर आला की कासवं धार सोडून आमच्या बुडालेल्या वाफ्यांत यायची — गुडघाभर संथ पाण्यात गोगलगायी, बेडूक खात फिरायची. पाणी ओसरलं की काही नदीत परतायची, काही डबक्याच्या चिखलात रुतून बसायची. वडील कुणाला त्यांना हात लावू द्यायचे नाहीत.

सासरी, धामणगाव बढ्याला, कासव विहिरीत होतं. पाणी स्वच्छ राहतं, आटत नाही म्हणून सोडलेलं. सासूबाई विहिरीला हळद-कुंकू वाहायच्या, आणि वर लोखंडी जाळी! वर्षानुवर्षं ते त्या गोल भिंतीला घासत फिरलं. ही कसली पूजा?

मग एका पुरात नदी मळ्यात शिरली, विहीर तोंडापर्यंत भरली. कासव जाळीला नाक लावून होतं. वीतभर पलीकडे शेतभर पाणी. मी जाळी उचलली. ते पऱ्हाटीच्या ओळींतून सरळ निघून गेलं. किती आनंद झाला होता मला!

इथवर सांगायला मला कसली लाज? लाज पुढे आहे.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली, कासव दिसेना. पाळीच्या दिवसांत विहीर बाटवली म्हणून सासूबाईंनी धाकट्या जावेला धरलं. "बाहेरची असून विहिरीवर गेली हे. मंग कासव राहीन काऊन?"

जाऊ रडत माझ्याकडे आली. "ताई, मी गेलीच नाही विहिरीवर. तुमाले तं मालूम आहे ना?"

मालूम होतं. सगळं मालूम होतं. मी — मी भाजी निवडत राहिले. भीती होती म्हणू? कोण मारणार होतं मला? फार तर चार दिवस बोलणी खावी लागली असती. मोठी सून म्हणून मिळणारा मान सोडवेना, एवढंच.

तेव्हापासून तिला विहीर बंद. सासूबाई गेल्या, आता घरात मोठी मीच. बंदी उठवायला माझा एक शब्द पुरे. कासवाबद्दल देवानं विचारलं तरी मी तोंडावर उत्तर देईन — जावेसमोर मात्र तोंड उघडत नाही.

काल मी विहिरीवरून भरला हंडा घेऊन येत होते. ती हापशीकडे निघाली होती. माझ्या पाण्याला तिचा धक्का लागू नये म्हणून ती बाजूला सरकली, आणि मी पुढे गेले.