गरम हात

आमच्या आईच्या आग्रहाची पाहुण्यांना धास्ती असायची. कुणी ताटावर हात आडवा धरला, तर ती बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. 'नको' या शब्दाचा अर्थ तिला आयुष्यभर कळला नाही.

वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते, ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. काळी वाळू आणि बिडी, दोघींनी मिळून त्यांच्या छातीचं वाटोळं केलं. ऐंशी सालच्या सुमारास एका थंडीत त्यांना इतका दम लागला, की दवाखान्यात ठेवावं लागलं. नखं निळसर, हात गारढोण, आणि आडवं होता येईना म्हणून उशा रचून बसलेले. डॉक्टरांनी नाकात नळी लावली, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी अगदी थोडी उघडली आणि बजावलं, "हिला कुणी हात लावायचा नाही."

एवढ्याशानं आईचं समाधान कसं व्हावं? शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सिलिंडरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत ऑक्सिजनचे बुडबुडे भरभरून येत होते. "त्यास्नी बघ कसं हात सोडून दिलंय," ती मला म्हणाली, "आन् आपल्यालाच चिमूटभर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर बाईसाहेब खुशीत. "हात धरून बघ की! कसं गरम झाल्यात. तोंडावर लाली आलीया. निवांत निजल्यात बघ, लेकरागत." मी हात धरला. खरंच गरम होता, आणि मनगटाशी नाडी दणदण उडत होती. मलाही हायसं वाटलं. आईनं तो हात शेजारच्या पेशंटच्या बायकोलासुद्धा दाखवला.

डॉक्टर आले. त्यांनी तोच हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा! ओ मामा!" वडील हलले नाहीत. श्वास अगदी वरवरचा चालला होता. डॉक्टरांनी चावीकडे पाहिलं. "कुणी फिरवली?"

"मी," आई म्हणाली. "जराच."

चावी पहिल्या जागी आणता आणता ते भराभर सांगत होते. यांच्या छातीत कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं साचलेला. ऑक्सिजन कमी पडतोय, या टोचणीवरच यांचं शरीर श्वास घेतं. तो भरपूर मिळाला की श्वास मंदावतो, साचलेला वायू वाढतो. मग रक्तवाहिन्या सैल होतात, हात गरम पडतात, चेहरा लाल दिसतो, आणि माणूस गुंगत गुंगत जातो.

"मावशी, आता यांना झोपू द्यायचं नाही. श्वास घ्यायला सांगत राहा. थांबलात तर काही खरं नाही."

आई खाटेवरच चढून बसली. वडिलांचे खांदे गदागदा हलवत म्हणू लागली, "अवो, घ्या श्वास. घ्या. आनि एक. आनि एक घ्या की! माझं ऐका, एवढा एकच." पंगतीत वाढतानाचा तोच सूर. वडील एक श्वास घेऊन थांबायचे, की हिचा पुढचा आग्रह तयार. घसा बसला तरी ती थांबली नाही. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते. तिच्यावर रागवायचं माझ्या मनातही आलं नाही, इतकी ती मला त्या वेळी प्यारी वाटली.

दिवेलागणीला वडिलांनी डोळे उघडले आणि वैतागून म्हणाले, "किती वरडतीस गं!"

मी त्यांचा हात धरला. तो पुन्हा गार पडायला लागला होता, आणि डॉक्टरांनी मान डोलावली.

मग नर्सबाईंनी आईला बाहेर काढलं. परत इथं बसायचं नाही म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. आई व्हरांड्यात फरशीवर बसली. "मीच मारत हुते गं त्यास्नी," एवढंच म्हणाली.

आतून वडिलांनी नर्सबाईंना हाक मारली. मी दारातच होते. दोन-दोन शब्दांना थांबत ते म्हणाले, "तिला आत घ्या, बाई. ती न्हाय, तर मला श्वास घ्या म्हनून सांगनार कोन?"

आई आत आली, स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले.