गरीब या शब्दाचं इंग्रजी

माझ्या धाकट्या भावाने वर्गातल्या एका मुलाच्या कपाळावर जेवणाचा पितळी डबा हाणला आणि त्या मुलाला टाके पडले, असा निरोप शाळेतून आला तेव्हा वडील दौऱ्यावर होते. बस्सी गावाच्या पुढे कुठेतरी. त्यांची केंद्र सरकारची नोकरी होती, आणि घरात नीट इंग्रजी बोलणारं माणूस म्हणजे ते. त्यांच्या खालोखाल मी, आठवीतली. आईचं इंग्रजी साताऱ्याच्या शाळेत जेमतेम सुरू होऊन लग्नात संपलं होतं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. जयपुरात आम्ही बदलीवर आलेलो. शाळा मिशनची, मुलींची. लहान मुलगेही तिथे चालत, म्हणून भाऊ तिसरीत होता. मुख्याध्यापिका परदेशी होती, तिला सगळे मोठी सिस्टर म्हणत, आणि हिंदी तिला 'इधर आओ' आणि 'चुप रहो' एवढंच येई. उद्या मुलाच्या आईने येऊन भेटावं, नाहीतर मुलाला शाळेतून काढून न्यावं, असा तिचा हुकूम होता.

आईला मात्र काळजी अशी नव्हतीच. "अगं, तो कसला मारतोय! गरीब आहे तो. त्याच्या हातनं मुंगी मरायची नाही. एवढं त्या सिस्टरबाईंना इंग्रजीत सांग, की झालं."

की झालं! मला तर तिथेच रडू येऊ लागलं. गरीब या शब्दापायी मी आधीच मेटाकुटीला आले होते. आमच्याकडे शांत, निरुपद्रवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा पोराला गरीब म्हणतात. जयपुरात गरीब म्हणजे ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो. हे आईच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेजारच्या भाभीजींना ती एकदा कौतुकाने म्हणाली, "हमारा लड़का बहुत गरीब है जी, उसके हाथ से मुंगी भी नहीं मरती." भाभीजींनी गरीब ऐकलं, मुंगीचं मूँग केलं, आणि संध्याकाळी वाटीभर मुगाची डाळ झाकून पाठवली. आईला वाटलं, काय प्रेमळ बाई! मी कानीकपाळी ओरडत होते, "आई, इथे गरीब नाही म्हणायचं, सीधा म्हणायचं." तर म्हणे, "शिधा ब्राह्मणाला देतात, पोराला नाही." आणि शाळेच्या फाटकाशी भावाला सोडताना त्याच्या वर्गातल्या पोरांना रोज बजावायची, "इसको सँभालो हाँ, गरीब है."

तर आता या गरिबाचं इंग्रजी करायचं होतं. वडिलांचा जाड शब्दकोश काढून बसले. एकही शब्द धड निघेना. हार्मलेस होता, पण तो आमच्या निसर्गाच्या पुस्तकात बिनविषारी सापाला लावलेला. डोसाइल हत्तीला. मीक शाळेच्या प्रार्थनेत यायचा, आणि आमचा भाऊ काही संत नव्हता, लाडू चोरून खायचा. सिंपल म्हटलं तर सिस्टरला वाटणार पोरगं अर्धवट आहे. शेवटी जंटल धरला. तोही मला पुरत नव्हता. जंटल कुणी पाहुणाही असतो, वाराही असतो. गरीब म्हटल्यावर जी माया येते, ज्याला जपावं लागतं असं काहीतरी येतं, ते त्यात कुठे होतं? आमच्यात 'गरीब गाय, पोटात पाय' असंही म्हणतात, पण ते त्या दिवशी आईसमोर काढायची माझी छाती नव्हती. भाऊ समोर बसून पाटीवर रेघा मारत होता. मारलंस का, म्हणून मी विचारलं. त्याने मान आणखी खाली घातली. आई म्हणाली, "बघ, किती गरीब!" मी शब्दकोश आपटून मिटला.

दुसऱ्या दिवशी आई जरीकाठी लुगडं नेसून, हातात पाटल्या, बिलवर सगळं घालून निघाली. मोठ्या सिस्टरच्या खोलीत आम्ही तिघं ओळीने उभे राहिलो. आई बोलली आणि मी इंग्रजीत सांगितलं, की माझा भाऊ स्वभावाने फार जंटल आहे, तो कुणाला मारणार नाही. सिस्टर म्हणाली, सगळ्या वर्गाने त्याला मारताना पाहिलंय. जंटल मुलं डबे मारत नाहीत.

हे मी आईला सांगितलं, तशी ती माझ्यावरच उखडली. "तू गरीब म्हणालीस का? मी ऐकत होते, एकदाही म्हणाली नाहीस." आणि मी दंड धरून मागे ओढत असताना ती पुढे सरसावून आपल्या साताऱ्याच्या इंग्रजीत म्हणाली, "सिस्टरबाई, माय सन इज पुअर. व्हेरी पुअर."

सिस्टरने आईच्या पाटल्यांकडे पाहिलं. मग लुगड्याच्या काठाकडे. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात भाऊ ओरडला. आमच्या घरात कुणी कधी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "डोन्ट से पुअर!" मग हुंदके देत, अर्धं इंग्रजीत अर्धं हिंदीत, त्याने सगळं सांगितलं. तो मुलगा त्याला रोज 'ए गरीब' म्हणून हाक मारायचा. डबा उघडला की विचारायचा, आज भीख में क्या मिला? म्हणून मारलं. हो, मीच मारलं.

सिस्टरला किती समजलं कोण जाणे. त्या मुलाची माफी माग, आणि तो मुलगाही तुझी मागेल, आणि उद्यापासून वर्गात बस, एवढं ती म्हणाली. शाळा राहिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

टांगा निघाल्यावर तिने त्याला जवळ ओढलं. "अरे गाढवा, ती पोरं काहीही बरळतील. तू कशाला मनावर घ्यायचं?"

"पण खरंच आहे ना," तो म्हणाला. "मतलब, तूच सांगतेस सगळ्यांना. भाभीजी दाल पण देतात आपल्याला."

गरीब म्हणजे काय ते मी भाभीजींसाठी हिंदीत शोधलं होतं, सिस्टरसाठी इंग्रजीत. त्याला ते मराठीत सांगावं असं आमच्या दोघींच्या मनात आलं नव्हतं. माझा इतका संताप झाला, की कुणावर काढावा ते कळेना. घरी पोचल्यावर तो लंगडत उतरला, तेव्हा आईने त्याला पायरीवर बसवून बूट काढला. बोटं लाल होऊन सोलली होती. बूट केव्हाच लहान झाले होते.

"सांगितलं का नाहीस रे?" आईने विचारलं.

तो म्हणाला, "नवे कुठून आणणार तुम्ही?"