बुलबुलाची पिल्लं आणि आमचं गाजलेलं भांडण

मी लाजाळू आहे. घरी पाहुणा आला की पाणी देते आणि मोरीत जाऊन भांडी घासते. (घासलेली असली तरी!)

या उन्हाळ्यात आमच्या कामतघरच्या चाळीत, दारावरच्या वाळक्या तोरणात बुलबुलाने घरटं केलं. तीन पिल्लं निघाली. अंग कमी, चोची जास्त! दाराच्या धक्क्याने घरटं हलू नये म्हणून दार अर्धं उघडं ठेवून आम्ही अंग चोरून ये-जा करू लागलो.

अडचण एकच. आमचे हे! वीस वर्षं कापडाचे लूम चालवून त्यांचा आवाज असा झालाय, की हे 'चहा' म्हणाले की शेजारीही आधण ठेवतात. हे बोलले की पिल्लांची आई भुर्रकन उडायची, घास चोचीत तसाच!

"अहो, पिल्लं उपाशी मरतील!"

"मग आजपासून लूमवरची भाषा!" हे गरजले. (आई पुन्हा उडाली.)

लूमच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. आमच्या घरात तेच सुरू झालं. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन्ही हात हवेत फेकले की भाजीत मीठ नाही! मीही तसेच हात नाचवून उत्तर द्यायची. दहा दिवस घरात शब्द नाही. पिल्लांना पंख फुटले, आणि बातमीला पाय!

समोरच्या शबनमभाभीने खिडकीतून आमचे हातवारे पाहिले आणि भांडण समजून टेमघरला माझ्या दादाला फोन लावला. (मी तिला आधीच सगळं सांगायला हवं होतं. पण मी, आणि सांगणार?)

शुक्रवारी लूमला सुट्टी. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. दोन पिल्लं उडून तारेवर बसली. तिसरं तोरणाच्या टोकाला लटपटत होतं. खाली बोका बसलेला! तेवढ्यात दादा आला.

"दाजी! माझ्या बहिणीशी बोलत का नाही?"

ह्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"आता मलाही गप्प बसवता?"

"हां भाई, दस दिन से यही चल रहा है!" खिडकीतून भाभी.

दादाने रागाने दार ढकलायला हात उचलला. दार आपटलं असतं, तर पिल्लू थेट बोक्याच्या तोंडात! माझा दहा दिवसांचा साठलेला आवाज एकदम सुटला.

"दाराला हात लावशील तर याद राख!"

बोका जिन्यावरून गडगडत खाली. भाभीची खिडकी बंद. आणि पिल्लू दचकून उडालं, ते पार तारेवर! उडालं हो, उडालं!

दादाने ह्यांचा हात हातात घेतला. "दाजी, माफ करा. हिच्यासोबत तुम्ही इतकी वर्षं काढलीत कशी?"

मी मोरीत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.